टाकीतलं पिठलं

मंगळवार, १ एप्रिल

सूनबाईंनी आज ही डायरी दिली. केमिकलवाल्यानं नवीन वर्षाला फुकट वाटलेली आहे. म्हणाली, "आबा, टाकीचं तापमान आणि पाण्याचा पीएच रोज यात लिहायचा. अंदाजपंचे नको."

तापमान : बरं आहे.
पीएच : तोही बरा असावा.

आता उरलेल्या पानाचं काय करायचं? कागद चांगला जाड आहे. वाया घालवणं माझ्यानं होत नाही, म्हणून लिहितो.

निघोज्यात आमची बागायत होती, ती एमआयडीसीत गेली. उरलेल्या तुकड्यावर मी शेड टाकली आणि प्लेटिंग सुरू केलं. जयदीप तेव्हा रांगत होता. काम साधं आहे. गाड्यांचे लोखंडी बोल्ट, ब्रॅकेट येतात, त्यांच्यावर जस्ताचा थर द्यायचा आणि मग पिवळ्या पाण्यात बुचकळून काढायचं. जॉब, म्हणजे तो नग, बाहेर येतो तो सोन्यासारखा पिवळा. त्याच्या वाट्याला जायची गंजाची टाप नाही. चाकणच्या पट्ट्यात "सोपानरावांचा पिवळा" म्हटलं की माल न बघता उतरवून घेत.

आता घरात केमिस्ट्रीची एम.एस्सी. आली आहे. तेजस्विनी, जयदीपची बायको, माहेर चिंचवडचं. रंगाच्या कंपनीत लॅबला होती, जाण्यायेण्याच्या ट्रॅफिकला वैतागली आणि आमच्या शेडमध्ये आली. आल्यापासून प्रत्येक टाकीत काचेची नळी बुडवून तोंड वाकडं करते.

सकाळी सुभद्रेनं दूध जाळलं आणि बोलणी मला बसली. मी तिथंच चहा पीत बसलो होतो म्हणे. बसलो होतो, पण पेपर वाचत होतो. माणसानं पेपर वाचावा का पातेलं राखावं? "घरभर वास सुटला तरी हा मानूस हलत न्हाई," असं ती तेजस्विनीला सांगत होती. हल्ली भाज्याही सगळ्या एकाच चवीच्या करते. वय झालं तिचं.

शनिवार, ५ एप्रिल

माझ्या घोरण्याचा सुनेला त्रास होतो म्हणून मला चिंचवडला नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. मी म्हणालो, अगं तुमची खोली वरच्या मजल्यावर. पण ऐकेल तर शपथ.

डॉक्टर पोरगेलासा होता. नाकात बॅटरी मारून म्हणाला, "काका, तुमच्या नाकात भोक आहे." याला डॉक्टर कुणी केला? नाकाला भोकं असतातच, माझी तर चांगली दोन आहेत. तो म्हणाला, ती नव्हे, मधल्या पडद्याला. मग काय काम करता, किती वर्षं, हाताला हे खड्ड्यासारखे चट्टे कसले, असं पोलिसासारखं विचारत बसला. चट्टे हिवाळ्याचे, असं मी सांगितलं. एप्रिलमध्ये का, म्हणाला. आमच्या ज्योतीरामच्या हातालाही आहेत, प्लेटिंगवाल्या प्रत्येकाला असतात. सैनिकाला मिशा असतात तसं ते.

नंतर मला बाहेर बसवून तेजस्विनी बराच वेळ आत इंग्रजीत बोलत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. एसी सोसत नाही तिला. येताना गाडीत मी घोरण्याचं विचारलं तर म्हणाली, "घोरा हो आबा, काही होत नाही."

मग एवढं पेट्रोल कशासाठी जाळलं?

बुधवार, ९ एप्रिल

आज जेवण गेलं नाही.

तेजस्विनीनं दुपारी सांगितलं, आपला माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा निरोप आला आहे. दसऱ्यानंतर पिवळा जॉब घेणार नाहीत. पिवळ्या पाण्यातलं क्रोम विषारी असतं, पाण्यात जातं, मातीत जातं, माणसाच्या अंगात जातं. त्याऐवजी क्रोम नसलेलं, नुसत्या पाण्यात मिसळणारं नवं कोटिंग लावायचं. त्यांच्या क्वालिटीचे शेखरसाहेब जूनमध्ये येऊन नमुने नेणार आणि गंज धरतो का बघायला मिठाच्या धुक्याच्या पेटीत ठेवणार. टिकले तर काम आपलं.

"आणि न्हाई टिकलं तर?" मी विचारलं.

जयदीप इतका वेळ मोबाईलमध्ये होता, तो बोलला. हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो तो, शेडमध्ये पाय ठेवत नाही. "तर शेड पार्सल कंपनीला भाड्यानं देऊ, आबा. ते मागे लागलेत. तुम्ही आरामात बसा, भाडं येत राहील."

म्हणजे माझ्या शेडमध्ये लोकांच्या चपला आणि मोबाईलची कव्हरं येऊन पडणार. मी काय करणार, तर बसणार. बसून काय करणार? सुभद्रेचं दूध राखणार.

ज्योतीरामला सांगितलं. तो लातूरकडचा, पोरगा होता तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. म्हणाला, "मालक, पिवळं नाही तर मग गिऱ्हाइकाला कळणार कसं ओ, की माल आपला हाय?"

हाच माझा प्रश्न आहे. एम.एस्सी.च्या पुस्तकात याचं उत्तर नसावं.

सोमवार, ५ मे

पिवळी टाकी आज रिकामी केली. विषारी कचऱ्याची गाडी आली, तोंडाला मुसकी बांधलेली दोन माणसं आली आणि सगळं पंपानं ओढून घेऊन गेली. एवढी वर्षं मी त्यात कोपरापर्यंत हात घातले आणि यांना मुसकी लागतात. नाजूक माणसं आहेत.

टाकीचा तळ दिसल्यावर मला उगाच भरून आलं. शेवटच्या लॉटमधला एक पिवळा बोल्ट खिशात टाकून ठेवला. तेजस्विनीनं ते पाहिलं. मला आणि ज्योतीरामला हाताला लावायला मलम दिलं तिनं.

तापमान, पीएच : टाकीच नाही तर कशाचं लिहू?

शुक्रवार, ३० मे

नवं पाणी भरलं. तेजस्विनी म्हणते, यात वाळूसारखंच काहीतरी विरघळवलेलं आहे, ते जस्तावर काचेसारखा पातळ थर धरतं. हे पाणी उद्या चुकून ओढ्यात गेलं तरी मासा मरायचा नाही. माशाचं ठीक आहे. बोल्टाचं काय?

पहिला जॉब काढला. पांढरा फटक. नुकता दवाखान्यातून उठून आल्यासारखा. मी तेजस्विनीकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं.

"छान दिसतोय ना, आबा?"

"दिसतोय," मी म्हणालो. याहून जास्त खोटं मला बोलता येत नाही.

बुधवार, १८ जून

शेखरसाहेब परवा येणार. पोरीच्या जिवाला घोर लागला आहे. रोज अंधार पडेपर्यंत टाकीपाशी असते, डबा तसाच परत येतो. काल सुभद्रेला म्हणत होती, "आई, हे नाही जमलं तर आबा परत पिवळं पाणी भरतील." सुभद्रा म्हणाली, "भरू दे की नगं भरू दे, तू आधी जेव."

म्हणजे काळजी माझीच. मी दुखावलो जाईन याची तिला धास्ती आहे. चांगली आहे पोरगी. चिंचवडची असली तरी.

मी विचार केला की शेखर मला कधीपासून ओळखतो. त्याची नजर पिवळ्याला सरावलेली आहे. हा पांढरा फटक जॉब बघितल्या बघितल्या त्याचं मन उतरणार, आणि मनातून उतरलेला माल पेटीत काय टिकणार? थोडी पिवळी झाक असती तर गोष्ट वेगळी होती. नुसती झाक. पोरीची फजिती टळेल.

मला एक युक्ती सुचली आहे. इथं लिहीत नाही.

गुरुवार, १९ जून

लिहितोच. नाहीतर पोटात दुखेल.

गुरुवारी अख्ख्या एमआयडीसीला सुट्टी असते. शेडला कुलूप होतं. सकाळी सुभद्रा देवळात गेल्यावर मी हळदीचा डबा उचलला. वर्षाची हळद, तिनं उन्हाळ्यात चाकणच्या चक्कीवरून स्वतः उभी राहून दळून आणलेली. हळदच का, तर एक म्हणजे रंग पक्का. दुसरं, घरची, निर्भेळ, मासा मरायचा नाही. आणि तिसरं, तिला वास नसतो, त्यामुळे कुणाला पत्ता लागायची भीती नाही.

डबा टाकीत ओतला आणि काठीनं ढवळलं. पाणी बघता बघता कुंकवासारखं लाल झालं.

काठी तशीच टाकून मी बाजूला झालो. मग डोकं चाललं. सुभद्रा कुंकू घरी करायची तेव्हा हळदीत चुनाच घालायची की. हळदीचा डाग साबणानं धुतला की लाल होतो, त्यावर लिंबू पिळलं की परत पिवळा. तेजस्विनीचं हे पाणी साबणाच्या जातीचं दिसतंय. मग लिंबू पाहिजे. एवढ्या टाकीला लिंबं कुठून आणणार? पण शेजारच्याच टाकीत गंज काढायचं अ‍ॅसिड होतं. आंबट ते आंबटच. बादली भरली आणि सावकाश सोडली.

काय सांगू, पाणी झालं पिवळंधमक. अगदी जुन्या दिवसांसारखं. एम.एस्सी. न होता मला हे सुचलं याचं मला कौतुक वाटलं. घरी जाऊन भाकरी खाल्ली आणि थोडा पडलो.

दुपारी परत येऊन बघतो तर टाकीत पिठलं.

खोटं नाही. अख्खी टाकी पिठल्यासारखी बसलेली. पिवळी, थलथलीत, वर मऊ साय. काठी रोवली, ती उभी राहिली. मी हातानं ढवळून बघितलं, कोपरापर्यंत पिवळा झालो. तेवढ्यात शेडमागच्या त्याच्या खोलीतून ज्योतीराम आला. दारातूनच म्हणाला, "मालक, सुट्टीच्या दिवशी शेडात भाजी कोण करायलंय?" भुकेल्या माणसाला सगळीकडे भाजीच दिसते. मी टाकीवर घाईनं ताडपत्री ओढली आणि म्हणालो, कोण न्हाई, जा तू.

संध्याकाळी सुभद्रा माझ्याजवळ आली, उभी राहिली, नाक वर केलं आणि विचारलं, "हळदीचा डबा कुटं हाय?"

"मला काय म्हाईत?"

"बरं," म्हणाली, आणि शेजारी गोजाबाईंकडे वाटी घेऊन गेली. तिनं इतक्या सहज सोडून दिलं याचं नवल वाटलं. वय झालं तिचं.

उद्या शेखरसाहेब येणार. पोरीची सगळी मेहनत मी बादलीभर अ‍ॅसिडात घालवली आहे. देवा, माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

शुक्रवार, २० जून

सकाळी तेजस्विनीनं ताडपत्री काढली. मी खांबामागे होतो. ती किती तरी वेळ बघत राहिली. मग शेडच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी हात पाठीमागे घेतले. एकाएकी तोंडाला ओढणी दाबून मागच्या बाजूला पळाली. खांदे गदगदा हलत होते.

पोरगी रडली. माझ्यामुळे रडली. मी मनाशी ठरवलं, आता जाऊन सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होऊ दे. चार पावलं गेलोही. तेवढ्यात ती डोळे पुसत परत आली आणि मोठ्यानं म्हणाली, "ज्योतीराम, सप्लायरचा माल खराब निघाला वाटतं. पाणी बसलं सगळं."

"हाव ताई," ज्योतीराम छताकडे बघत म्हणाला. "लई खराब माल निघाला."

आता माझ्या हातात होतं ते गप्प बसणं. बसलो. सप्लायर बिचारा.

नवं केमिकल एका कॅनपुरतंच शिल्लक होतं, टाकी भरण्याइतकं नव्हतं. मी घरी जाऊन जयदीपच्या लग्नातला पाण्याचं निळं पिंप काढलं, दहादा धुतलं आणि डोक्यावरून शेडमध्ये आणलं. त्यात तिनं पाणी तयार केलं. पिंपात मशीनची बास्केट उतरेना, म्हणून बारक्या जाळीत घालून सगळा लॉट हातानं बुडवायला बसलो. मी, ज्योतीराम आणि सूनबाई. तिनं दोघांना हातमोजे घातल्याशिवाय पिंपाला शिवू दिलं नाही. जाळी कशी गरगर फिरवायची, कशी झटकायची म्हणजे कडेला थेंब लोंबत नाही, हे मी तिला दाखवलं. पहिल्या जाळीला तिनं माझ्याच अंगावर पाणी उडवलं. नंतर जमलं.

शेखरसाहेब तीनला आले. एक पांढरा बोल्ट उचलून उजेडात धरला.

"काय सोपानराव, पिवळ्यावरनं एकदम पांढऱ्यावर?"

याच वाक्याला मी महिनाभर भीत होतो. पण पोरीचे हात पिंपात सुरकुतून गेलेले मी बघत होतो, आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, रंगावर जाऊ नका. रंग काय, कुणीबी देईल. मिठात ठिवून बघा, मग बोला."

तेजस्विनीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मीही चमकलो. त्यांनी नमुने पिशवीत घातले आणि जाताना नाकानं हुंगत म्हणाले, "जेवणाचा बेत चांगला दिसतोय आज तुमच्याकडे." सगळी दुनिया भुकेली झाली आहे.

बुधवार, २ जुलै

निकाल नाही. पार्सल कंपनीचा माणूस टेप घेऊन शेड मोजून गेला. जयदीपनं त्याला चहा पाजला. मी पाजला नाही.

झोप लागेना म्हणून मी गेल्या आठवड्यातच माझी स्वतःची परीक्षा लावली आहे. लोणच्याची रिकामी बरणी घेतली, मिठाचं पाणी केलं, त्यात खिशातला पिवळा बोल्ट आणि एक पांढरा बोल्ट दोऱ्यानं लोंबत सोडले. खिडकीत ठेवलंय. सुभद्रेनं बघितलं आणि ही बरणी आता घरात परत येणार नाही असं जाहीर केलं.

आज बघितलं तर पिवळ्यावर डाग. पांढऱ्यावर नाही. चष्मा पुसला, उजेडात नेलं. पिवळ्यावरच.

कुणाला सांगितलं नाही. पण खरं तर बरं वाटलं. असं वाटायला नको होतं, तरी वाटलं.

शुक्रवार, ११ जुलै

पास.

शेखरसाहेब स्वतः आले सांगायला. नमुने पेटीतून काढले तरी लाल गंजाचा ठिपका नाही. तेजस्विनी खुर्चीत बसली ती उठेचना. ज्योतीराम पेढे आणायला धावला. जयदीपनं पार्सलवाल्याला फोन लावून "शेड नाही देणार" असं सांगितलं. त्याचं तोंड पडलेलं असेल म्हणून बघितलं तर गडी हसत होता. याला धंद्यातलं काही कळत नाही.

मी शेखरसाहेबांना सोडायला फाटकापर्यंत गेलो. म्हणालो, तुमच्या निरोपामुळं हे घडलं, नाहीतर आम्ही कुठले बदलतोय.

"कसला निरोप?" ते म्हणाले. "पिवळं आम्हाला बंद करायचंय हे खरं, पण त्याला अजून पुष्कळ अवकाश आहे. तुमच्या सूनबाईच एप्रिलपासून हात धुऊन मागे लागल्या होत्या, आमचं आधी तपासा, आमचं आधी तपासा म्हणून. असं सांगणारा सप्लायर मी पहिल्यांदा बघितला."

आता हिला कसली एवढी घाई होती, देव जाणे. आजकालच्या पोरांना सगळंच झटपट लागतं. ऐन एप्रिलच्या उन्हात, आधी मला डॉक्टरकडे पळव, मग कंपनीकडे पळ. जरा दमानं घ्यावं माणसानं.

शनिवार, १६ ऑगस्ट

हाताचे चट्टे गेले. ज्योतीरामचेही गेले. सुभद्रा झोपताना माझ्या नाकात तुपाचे थेंब सोडते, तो गुण असणार. तूप नाकात घातलं की हातापर्यंत उतरतं.

आज तळेगाव चौकात पेट्रोल भरताना काहीतरी झणकन डोक्यात गेलं. मी पंपावरच्या मुलीला म्हणालो, "बाई, तुमच्याकडे कुठंतरी गळती हाय. बघा आधी." ती म्हणाली, "काका, पेट्रोल पंप आहे हा."

घरी सांगितलं तर तेजस्विनी हातातलं ताट तसंच ठेवून आली. "वास आला, आबा? नक्की वास आला?" पेट्रोलच्या वासाचं कुणाला इतकं कौतुक असतं? आणि सुभद्रा देवाला दिवा लावायला गेली. दिवेलागणीला अजून वेळ होता.

तापमान : बरोबर. पीएच : बरोबर. (खरंच मोजले. पांढऱ्या पाण्याची आता सवय झाली.)

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी शेडमध्ये पूजा. टाक्या धुतल्या, झेंडूच्या माळा बांधल्या, पाने-पकडी, हातोडे, पीएच मोजायची मीटरं सगळी पाटावर मांडली. तेजस्विनीची काचेची नळीसुद्धा. लग्नातल्या निळ्या पिंपालाही माळ. सुभद्रेनं वाटीत हळद कालवून माझ्या हातात दिली. मी बोट बुडवून टाकीला पहिलं बोट लावलं. दुसरं लावायला हात वर केला आणि थांबलो.

वास आला.

बोट नाकाशी नेलं. हळदीचा. कडवट, मातकट, लग्नघरातला. मी मोठ्यानं श्वास घेतला. वाटी नाकाशी धरली. हळदीला वास असतो. चांगला घमघमाट असतो. हे मी विसरूनच गेलो होतो.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. ज्योतीरामची भाजी. सुभद्रेचं वर केलेलं नाक. सगळ्या उघडलेल्या खिडक्या. शेखरसाहेबांचा जेवणाचा बेत. ओढणीत तोंड घालून खांदे हलवणारी माझी सून. ती रडत नव्हती. अख्खा डबा होता तो हळदीचा, आणि मी खांबामागे लपलो होतो.

वळून बघितलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. ज्योतीराम छताकडे.

"तुम्हा सगळ्यांना तवाच ठावं व्हतं," मी म्हणालो.

मग सुभद्रा म्हणाली, "पूजा करा. नारळ फुटायचाय अजून."

नंतर तेजस्विनी एकटी सापडली. डॉक्टर, नाकाचं भोक, पिवळं पाणी, निरोप, घाई, हे सगळं मी मनात एका ओळीत लावून बघितलं होतं. मी विचारलं, "तो कंपनीचा निरोप. तो खरा व्हता का गं?"

ती माळेतला झेंडू कुस्करत राहिली. "होता, आबा."

"बरं," मी म्हणालो.

ती हळदीबद्दल एवढे महिने बोलली नाही. मी निरोपाबद्दल बोलणार नाही. माझ्या नाकासाठी कुणी इतकं खोटं बोलेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी नारळ फोडायला घेतला.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

पहाटे वासानं जाग आली. परसात गेलो. सोनचाफा फुलला होता. झाड आमचंच, सुभद्रेनं लग्नानंतर लावलेलं. तरुणपणी रोज दोन फुलं माळायची. मग कधीतरी सोडलं. मी म्हणायचो, वय झालं तिचं.

एक फूल तोडलं आणि वळलो तर ती दारात. मी फूल पुढं केलं. "वास बघ," म्हणालो, जसा काय वास मीच शोधून काढला होता.

"मला ठावं हाय वास," ती म्हणाली. फूल घेतलं नाही. म्हणाली, "आधी फूल घातलं की तुमी मान वळवून बघायचा. मग बघायचं बंद झालं. मला वाटलं, आता मी तुमच्या मनातनं उतरली. मग कुनासाठी माळायचं?"

इतकी वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं, आणि मी तिचं वय मोजत होतो.

"मला वासच येत नव्हता, सुभद्रे," मी म्हणालो. "तुझी आन."

"ते मला यंदा कळलं. पोरीनं एप्रिलात सांगितलं तवा."

"मंग एप्रिलपासनं का न्हाई माळलं?"

"तुमाला वास यायची वाट बघत व्हते," ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी चाफा अंबाड्यात खोचला. दोनदा खाली पडला, तिसऱ्यांदा बसला. पिवळाधमक.

तापमान आणि पीएच आज लिहीत नाही. शेडला सुट्टी आहे.